नव्वद दिवसांचा नियम आणि आपले जळीत वॉर्ड

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात एक नियम होता. जखमी झालेला माणूस ९० दिवसांत ड्युटीवर परत जाण्यासारखा झाला नाही तर त्याला सेवेतून मोकळं करायचं, पुढे पेन्शनबिन्शन जे काय बसेल ते बसेल, पण हवाई दलाचा आणि त्याचा संबंध संपला. पाय मोडलेल्याला हा नियम कदाचित चालून गेला असता. पण विमानात होरपळलेला पोरगा, ज्याच्या पापण्या जळाल्यात, नाक गेलंय, बोटं एकमेकांना चिकटलीत, त्याचं ९० दिवसांत काय होणार, कारण आधी जखम साफ व्हायला पाहिजे, मग एक ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडची कातडी आणून लावायची, मग तो धरतोय की नाही ते बघायचं, मग थांबायचं, मग पुढचा. एकेकाला वीस-वीस तीस-तीस ऑपरेशनं लागायची आणि त्यात वर्षं जायची. आर्चिबाल्ड मॅकिन्डो नावाच्या सर्जननं या नियमावरून वरच्या लोकांशी भांडण काढलं आणि तो बदलायला लावला. उपचार संपेपर्यंत माणूस नोकरीत, आणि पगार पूर्ण.

मॅकिन्डोबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात नव्वद टक्के त्याच्या हातातल्या कसबाबद्दल असतं, कशा पापण्या बनवल्या, कसं नाक उभं केलं, आणि ते खरंच आहे, माणूस अफाट होता. पण मला वाटतं त्याच्याकडून आज आपण काही घ्यायचं असेल तर ते हे पगाराचं भांडण आहे. सर्जरी आपल्याकडे आहे हो. मुंबई-पुण्यात जगातल्या कुठल्याही शहराच्या तोडीचे प्लास्टिक सर्जन बसलेत. भाजलेल्या माणसाचं ऑपरेशन झाल्यावर त्याचं पुढे काय, हे कोणी बघायचं, तिथे मात्र आपल्याकडे सगळा आनंद आहे.

आधी माणूस कोण ते थोडक्यात सांगतो. न्यूझीलंडमधलं ड्यूनेडिन, जन्म १९००. डॉक्टर झाला, अमेरिकेत मेयो क्लिनिकला जाऊन पोटाची सर्जरी शिकला आणि १९३० च्या सुमारास चांगल्या नोकरीच्या आशेवर बायकापोरांसकट लंडनला येऊन थडकला, तर तिथे नोकरीच नाही. मग नात्यातल्या हॅरॉल्ड गिलीजनं त्याला हाताशी धरलं. हा गिलीजपण ड्यूनेडिनचाच, आणि पहिल्या महायुद्धात चेहरे दुरुस्त करून नाव कमावलेला. १९३८ ला मॅकिन्डो हवाई दलाचा प्लास्टिक सर्जरीचा सल्लागार झाला. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा सगळ्या ब्रिटनमध्ये मिळून प्लास्टिक सर्जन किती, तर चार, आणि त्यातले तीन न्यूझीलंडचे. मॅकिन्डोच्या वाट्याला आलं ससेक्समधलं ईस्ट ग्रिनस्टेड, तिथलं एक छोटंसं गावातलं हॉस्पिटल आणि त्याच्या मागच्या बाजूला लाकडी शेड. त्या शेडचं नाव वॉर्ड नंबर तीन.

१९४० च्या उन्हाळ्यात पोरं यायला लागली. हरिकेन आणि स्पिटफायर या विमानांत पेट्रोलची टाकी पायलटच्या पुढ्यातच, त्यामुळे टाकीला गोळी लागली की आग थेट अंगावर. काही जणांनी गॉगल वर सरकवलेला असायचा, हातमोजे काढलेले असायचे, कारण त्याशिवाय नीट दिसायचं नाही, बटणं दाबता यायची नाहीत. काही सेकंदांचा खेळ, पण तेवढ्यात चेहरा आणि दोन्ही हात गेलेले. वय विशीच्या आसपास.

तेव्हाची भाजल्यावरची प्रमाण ट्रीटमेंट म्हणजे टॅनिक अ‍ॅसिड. चामडं कमावायला वापरतात त्या जातीची चीज. ती जखमेवर मारली की वर कडक काळं कवच धरायचं, आणि जखम झाकली गेली, पाणी झिरपायचं थांबलं म्हणून डॉक्टर खूश. पण आत पू व्हायचा, बोटांभोवती ते कवच आवळत जायचं आणि मूठ वळलेली ती कायमची, पापण्या ताणून वर ओढल्या जायच्या. मॅकिन्डोच्या लक्षात आलं की जे पायलट समुद्रात पडले होते त्यांच्या जखमा जमिनीवर पडलेल्यांपेक्षा बऱ्या दिसतायत. मग त्यानं मिठाच्या कोमट पाण्याचे टब सुरू केले. पोराला स्ट्रेचरवरून हळूच त्यात उतरवायचं, पाण्यात बसल्या बसल्या ड्रेसिंग आपोआप सुटून वर तरंगायला लागायचं, कोणी ओढून काढायची गरज नाही, आणि पाण्यात असताना बोटं हलवून घ्यायची. ज्यानं कधी जळीत वॉर्डाच्या बाहेर ड्रेसिंगच्या वेळेला उभं राहून आतले आवाज ऐकलेत त्याला ही गोष्ट किती मोठी आहे ते वेगळं सांगायला नको. टॅनिक अ‍ॅसिड हातांवर आणि चेहऱ्यावर वापरू नका असा आग्रह त्यानं धरला आणि ते बंद पाडलं. म्हणजे बघा, त्याच्या सगळ्यात मोठ्या वैद्यकीय सुधारणेतलं मुख्य औषध मीठ आणि कोमट पाणी. खर्च नगण्य. पुढे कामाला येणार आहे हा मुद्दा, लक्षात ठेवा.

आता वॉर्ड तीन. तिथे ऑफिसर आणि साधा सार्जंट शेजारी शेजारी, रँकप्रमाणे वेगळी सोय नाही. मिलिटरी हॉस्पिटलात पेशंटला एक निळा ड्रेस घालावा लागायचा, तो इथे बंद, ज्याचा त्याचा युनिफॉर्म घाला. वॉर्डात बिअरचं पिंप. ज्याला आपलं पुढचं ऑपरेशन कसं असतं ते बघायचंय त्यानं खुशाल थिएटरमध्ये येऊन दुसऱ्याचं चाललेलं बघावं. पुढेपुढे हॉस्पिटलातच विमानाची उपकरणं जुळवायचा एक छोटा कारखाना चालवला, म्हणजे दोन ऑपरेशनच्या मधल्या महिन्यांत नुसतं पडून राहायचं नाही, हाताला काम आणि त्याचे पैसे. २० जुलै १९४१ ला या पोरांनी क्लब काढला, नाव गिनीपिग क्लब, कारण आपल्यावर प्रयोग चाललेत हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. सुरुवातीला ३९ मेंबर. सेक्रेटरी असा निवडला की ज्याची बोटं भाजलीत, म्हणजे मिनिट्स लिहायला नकोत, आणि खजिनदार असा की ज्याचे पाय भाजलेत, म्हणजे पैसे घेऊन पळायला नको! युद्ध संपेपर्यंत मेंबर ६४९ झाले. सुरुवात फायटर पायलटांनी झाली तरी नंतर येणारे बरेचसे बॉम्बर विमानांतले होते, आणि त्यात कॅनडावाल्यांची संख्यापण मोठी होती.

आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे गाव. मॅकिन्डो गावातल्या लोकांशी स्वतः बोलला, ही पोरं बाहेर फिरणार, पबमध्ये येणार, सिनेमाला येणार, त्यांच्याकडे टक लावून बघू नका, तोंड फिरवू नका, जमलं तर घरी जेवायला बोलवा. आणि गावानं हे केलं, वर्षानुवर्षं केलं. नवं नाक बनवायला पोटाकडून किंवा खांद्याकडून आणलेली कातडीची सोंड नाकाच्या जागी लटकतेय अशा अवस्थेत पोरं दुकानात जायची आणि दुकानदार नेहमीसारखं काय पाहिजे विचारायचा. तिथले लोक जन्मजात वेगळे होते असं काही नाही, त्यांना कोणीतरी आधी नीट सांगितलं होतं, आणि ज्यानं सांगितलं तो त्यांच्याच हॉस्पिटलचा डॉक्टर होता, म्हणून जमलं.

याच्या पंचवीसेक वर्षं आधी लंडनजवळच्या सिडकपला काय चाललं होतं ते याच्या शेजारी ठेवून बघा. सिडकपला गिलीजचं हॉस्पिटल होतं, १९१७ ला सुरू झालेलं. पहिलं महायुद्ध खंदकातलं, डोकं वर काढलं की गोळी चेहऱ्यावर, त्यामुळे जबडा गेलेले, अर्धा गाल गेलेले सैनिक हजारोंनी. सिडकपला पाच हजारांवर पेशंट झाले, अकरा हजारांवर ऑपरेशनं झाली, आणि कातडीची पट्टी कापून तिची नळी शिवायची म्हणजे ती आतून जिवंत राहते, जंतू शिरत नाहीत, ही युक्ती गिलीजनं तिथे १९१७ मध्येच वापरली. नाहीतर अँटिबायोटिक नसलेल्या काळात हे जमलंच नसतं. सर्जन म्हणून मला विचाराल तर गिलीज मोठा, मॅकिन्डो त्याच्या खांद्यावर उभा आहे. पण सिडकपला वॉर्डात आरसे ठेवायला बंदी होती, आणि हॉस्पिटलवरून गावात जाणाऱ्या रस्त्यावरचे काही बाक निळ्या रंगात रंगवले होते, म्हणजे गावकऱ्यांना लांबूनच कळावं की इथे बसलेल्याचा चेहरा बघून दचकायला होईल. हेतू चांगलाच असणार, पोरांना त्रास नको, लोकांना धक्का नको. पण व्यवस्था अशी की लपायचं कोणी, तर ज्याचा चेहरा गेला त्यानं. ईस्ट ग्रिनस्टेडला नेमकी ही जबाबदारी उलटी फिरवली.

बरं, सिडकपच्या काळातली एक गोष्ट मात्र आपल्याला लाज वाटावी अशी आहे. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश पेन्शनच्या तक्त्यात चेहरा अतिशय विद्रूप होणं ही पूर्ण पेन्शनची जखम होती, दोन अवयव गमावलेल्याच्या बरोबरीची. हात शाबूत, पाय शाबूत, काम करता येतंय, तरी पूर्ण. कारण सरकारी कारकुनालाही कळत होतं की असा चेहरा घेऊन या माणसाला कोण कामावर ठेवणार. शंभर वर्षं झाली याला.

इथे कोणीतरी नक्की म्हणणार की प्लास्टिक सर्जरी तर आपलीच, सुश्रुतानं सांगून ठेवली, इंग्रज आपल्याकडून शिकले. म्हणणार काय, फॉरवर्ड येतच असतात. त्यातला इंग्रजांचा भाग खराही आहे आणि तो थेट पुण्याचा आहे. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायच्या कामावर होता, १७९२ च्या लढाईत टिपूच्या हातात सापडला आणि त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तसाच राहिला, मग पुण्याजवळ एका विटा पाडणाऱ्या कुंभारानं कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक बसवलं. ही हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या एका मासिकात चित्रासकट छापून आली, ती वाचून तिकडच्या सर्जननी प्रयोग सुरू केले. अभिमान जरूर बाळगा. फक्त दोन गोष्टी बघा त्यात. ज्या कुंभारानं ते नाक बसवलं त्याचं नावही कोणी लिहून ठेवलं नाही, कावसजीचं लिहिलं, बघायला आलेल्या इंग्रज डॉक्टरांची लिहिली. आणि दुसरं, त्याच मजकुरात सरळ लिहिलंय की कावसजीला ईस्ट इंडिया कंपनीची पेन्शन चालू होती. म्हणजे बैल हाकणाऱ्याचीसुद्धा नोंद कुठल्यातरी वहीत होती, म्हणून नाकाआधी त्याच्या पोटाची सोय झाली. आपल्या आजच्या जळीत वॉर्डातल्या बाईची नोंद कुठल्या वहीत आहे?

सांगतो कुठल्या. पोलिसांच्या. आपल्याकडे स्वयंपाकघरात भाजलेली बाई हॉस्पिटलात आली की तिच्याकडे सगळ्यात आधी जी यंत्रणा धावते ती जबाब घेणारी. आणि ते बरोबरच आहे, कारण स्टोव्हचा भडका उडाला या तीन शब्दांखाली आपण किती सुना गाडल्यात ते सगळ्यांना माहितीये, जबाब घ्यायलाच पाहिजे. पण ती मेली तर केस उभी राहते, पेपरात येतं, मोर्चा निघतो. जगली तर? जगली आणि अपघातच होता, सासरच्यांचा काही दोष नव्हता, तर मग कोणालाच तिच्यात रस नाही. डिस्चार्ज कार्डवर प्रकृती स्थिर लिहून तिला घरी पाठवतात.

आमच्या ओळखीतल्या एक ताई डबे करून द्यायच्या. गॅस गळत होता, लायटर ओढला, झालं. जीव वाचला, सरकारी योजनेतून पहिली ऑपरेशनं झाली, डॉक्टर चांगले होते, त्याबद्दल तक्रार नाहीच. पुढे त्यांना प्रेशर गारमेंट दिलं, म्हणजे व्रण वर येऊ नयेत म्हणून घालायचा घट्ट इलॅस्टिकचा कपडा, मानेपासून मनगटापर्यंत. दिवसातले तेवीस तास घालायचा, फक्त आंघोळीपुरता काढायचा, आणि असं वर्ष-दीड वर्ष. मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, घालून बघा. खाज सुटते, घामोळं येतं, दोन जोड लागतात कारण एक धुवायचा, आणि काही महिन्यांत सैल पडला की परत नवा शिवून घ्यायचा. ताईंनी दोन महिन्यांत सोडून दिला. मान आखडली. आता त्याचं परत ऑपरेशन, आणि डबे कधीच बंद झाले कारण गिऱ्हाईकं हळूहळू म्हणायला लागली, ताई, आता नको, तुम्ही आराम करा. कोणी वाईट बोललं नाही हां. सगळ्यांनी अगदी प्रेमानं बंद केलं.

सांगा, यात सर्जन काय करणार होता?

आपल्याकडे कामगाराला ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, असेल तर साध्या आजारपणाचा भत्ता किती दिवस मिळतो, तर वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस, पगाराच्या ७० टक्के. ठरावीक लांबच्या आजारांना ही मुदत वाढवून मिळते, आणि अपघात कामावर झाला असेल तर नियम बरेच बरे आहेत, हे मान्य. पण ९१ हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो हवाई दलाचा नियमच आठवला. आणि ही सोय ज्यांचं नाव ईएसआयमध्ये आहे त्यांची झाली. डबेवाल्या ताई, बांधकामावरचा गडी, घरात राबणारी बाई, यांचा एकही दिवस कुठे मोजलेला नाही.

आता कायदा बघू. २०१३ ला अ‍ॅसिड हल्ल्यासाठी फौजदारी कायद्यात वेगळं कलम आलं, सुप्रीम कोर्टानं अशा प्रत्येक केसमध्ये किमान तीन लाखांची भरपाई द्यायला सांगितली, महाराष्ट्रात अशा पीडितांना मदत देणारी मनोधैर्य योजना आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अ‍ॅसिड हल्ल्यातले पीडित हा स्वतंत्र प्रकार धरला गेला. हे सगळं काही मुलींनी आपला चेहरा न झाकता कोर्टात, टीव्हीवर, रस्त्यावर उभं राहून मिळवलं, त्यांना सलाम. पण कायद्याची व्याख्या वाचा. चेहरा विद्रूप झाला पाहिजे तो अ‍ॅसिड किंवा तसलाच दाहक पदार्थ फेकून केलेल्या हल्ल्यानं. गॅसच्या भडक्यानं, उकळत्या तेलानं, फटाक्यानं, विजेच्या झटक्यानं तोच चेहरा तसाच झाला असेल तर त्या चेहऱ्याला या कायद्यात जागा नाही. हात आखडला, मान वळत नाही, असं काही दाखवता आलं तर शारीरिक अपंगत्वाचे टक्के मिळतील, निव्वळ चेहऱ्याचे नाहीत. म्हणजे आपल्या राज्याला जखम दिसत नाही, गुन्हा दिसतो.

अशीच एक अट मला मॅकिन्डोच्या गोष्टीतही खटकते. त्याचं कौतुक करताना हे लपवण्यात अर्थ नाही. गिनीपिग क्लबच्या पोरांना जे मिळालं ते ती हिरो होती म्हणून मिळालं. ज्यांनी लंडन वाचवलं त्यांच्याकडे टक लावून बघायचं नाही हे गावाला पटायला सोपं होतं. सरकारलाही एक पायलट तयार करायला किती पैसा आणि वेळ लागतो ते माहीत होतं, त्यामुळे तो परत विमानात बसला तर फायदाच. जेफ्री पेज हरिकेनमध्ये भाजला, हातांची अवस्था भयानक, तरी परत उडायला गेला आणि पुढे नावाजला गेला. पण रिचर्ड हिलरीपण परत गेला. हात पूर्ण बरे झाले नव्हते, स्वतःच हट्टानं गेला हे खरं, पण त्याला जाऊ देणारेही होते, आणि जानेवारी १९४३ मध्ये रात्रीच्या ट्रेनिंगला विमान पडून तो मेला, आणि त्याच्याबरोबर त्याचा नॅव्हिगेटरसुद्धा. माणसाला कामावर परत आणणं चांगलंच, पण कोणाच्या सोयीसाठी, हा प्रश्न विचारायलाच पाहिजे.

नर्सेसचं तर कोणी बोलतच नाही. वॉर्ड तीनचं ते मोकळं, हसतंखेळतं वातावरण ज्याचं सगळे कौतुक करतात, ते कोणाच्या जिवावर होतं? दिसायला चांगल्या नर्सेस मुद्दाम निवडल्या जायच्या, पोरांनी अंगचटीला येणं, हात लावणं हे मनावर घेऊ नका, त्यांना आपण अजून पुरुष आहोत असं वाटलं पाहिजे, अशी अपेक्षा असायची. आज याला सरळ लैंगिक छळ म्हणतात. टबात पोरांना उतरवायचं कामही त्यांचंच, रात्रपाळीपण त्यांचीच. पुतळा २०१४ ला गावात मॅकिन्डोचा उभा राहिला. मला पुतळ्याबद्दल आक्षेप नाही, चांगला आहे, जखमी पायलट खुर्चीत बसलाय आणि मॅकिन्डो मागे खांद्यावर हात ठेवून उभा. पण एखाद्याचा चेहरा परत मिळावा म्हणून दुसरीच्या इज्जतीचा हप्ता भरायचा, हे त्यातलं अजिबात घ्यायचं नाही.

पगार ठरावीक दिवस संपेपर्यंत नाही तर उपचार संपेपर्यंत, आणि गावाला आधी तयार करायचं, या दोन गोष्टी मात्र जशाच्या तशा घ्या. फक्त हिरो असण्याची अट काढून टाका.

आपल्याकडे हे कोणाला सुचलंच नाही असं नाही. डॉ. नोशीर अंतिया, मुंबईचे, इंग्लंडला जाऊन खुद्द गिलीजच्या हाताखाली शिकले. परत येऊन त्यांनी पुण्यात कोंढव्याच्या कुष्ठरोग हॉस्पिटलात काम केलं, बसलेली नाकं उचलली, गेलेल्या भुवया लावल्या, वळलेली बोटं सरळ केली. औषधानं रोग बरा झाला तरी चेहऱ्यावर खुणा असेपर्यंत गाव त्या माणसाला आत घेत नव्हतं, म्हणून हे. पुढे जे. जे. हॉस्पिटलात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला, आणि एवढं मोठं नाव झाल्यावर हा माणूस अलिबागजवळ मांडव्याला गेला आणि गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करायला लागला. लोकांना वाटलं सर्जननं सर्जरी सोडली. मला वाटतं त्यांनी तीच सर्जरी पुढे नेली. मॅकिन्डो ईस्ट ग्रिनस्टेडच्या दुकानदारांशी बोलत होता, हे मांडव्याच्या बायकांशी. पण अंतियांचं नाव आज किती जणांना माहीत आहे, मेडिकलच्या पोरांना तरी माहीत आहे का, शंका आहे.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न येणारच. १९४१ चा ब्रिटन काही श्रीमंत नव्हता, साखर-लोण्याचं रेशनिंग, रात्री बॉम्ब, तिजोरीत खडखडाट. खुद्द ईस्ट ग्रिनस्टेडवर जुलै १९४३ मध्ये भरदिवसा बॉम्ब पडले, थिएटरमध्ये सिनेमा चालू होता, १०८ माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं. अशा गावानं लाकडी शेडमध्ये आणि मिठाच्या पाण्यात हे करून दाखवलं. आपल्या जनआरोग्य योजनेत ऑपरेशनचे पैसे मिळतात, म्हणजे सगळ्यात महागडा भाग आपण आत्ताच भरतोय. उरलं काय, तर प्रेशर गारमेंटचे जोड, वर्षभराची फिजिओथेरपी, येण्या-जाण्याचं एसटीचं भाडं आणि उपचार चालू असेपर्यंत महिन्याला काहीतरी ठरावीक रक्कम. हे न भरल्यामुळे आधी भरलेले लाखभर रुपये आखडलेल्या मानेत वाया जातात आणि परत दुसऱ्या ऑपरेशनचे भरावे लागतात. हिशोब करणाऱ्यानं हा पण करावा.

आणि काही गोष्टींना तर पैसाच लागत नाही. मोबाईलवर बँकेचं केवायसी करताना ते स्क्रीनवर सांगतं, डोळे मिचकावा. समोर जिवंत माणूस आहे की फोटो ते बघायला. आता ज्या बाईच्या पापण्याच जळाल्यात तिनं काय मिचकवायचं? अ‍ॅसिड हल्ल्यातली एक बाई या एवढ्याशा गोष्टीसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, आणि एप्रिल २०२५ मध्ये कोर्टानं सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, जिवंत असल्याचं सिद्ध करायचे दुसरे मार्ग द्या. मॅकिन्डोनं १९४० मध्ये पापण्या आधी केल्या, नाक नंतर, कारण पापणी नसेल तर डोळा मिटत नाही, झोप लागत नाही, बुबुळ सुकून माणूस आंधळा होतो. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी आपण त्याच पापण्यांवर खातं उघडणं अडवून बसलो होतो. हा निकाल किती बँकांच्या अ‍ॅपमध्ये उतरतो ते बघायचं.

तर मागणी काय, तर राज्यातल्या प्रत्येक सरकारी जळीत वॉर्डात एक माणूस असा पाहिजे की ज्याचं काम डिस्चार्जनंतर सुरू होतं, तो पेशंटच्या मालकाशी, शाळेशी, सोसायटीशी जाऊन बोलेल. सोशल वर्करची पोस्ट कागदावर असते, ती भरा आणि त्याच्याकडून योजनेचे फॉर्म भरून घेण्यापलीकडचं काम घ्या. उपचार चालू असल्याचं सर्जनचं सर्टिफिकेट असेपर्यंत निर्वाह भत्ता चालू ठेवा, दिवसांची मर्यादा घालू नका. आणि दिव्यांग कायद्याच्या परिशिष्टात अ‍ॅसिड हल्ल्याच्या पुढे भाजल्यामुळे आलेली विद्रूपता टाका, कारण काहीही असो. त्यासाठी संसदेत नवं बिल आणायचीसुद्धा गरज नाही, कलम ९९ खाली केंद्र सरकार नुसती अधिसूचना काढून परिशिष्ट बदलू शकतं, आणि तशी शिफारस राज्य सरकारला करता येते. महाराष्ट्रानं ती करावी. आमदाराला भेटायला जाल तेव्हा कलमाचा नंबर लिहून न्या.